गेट उघडतं पण बंद होत नाही, शटरची मोटर नुसती गुणगुणते: बोर्ड बदलायच्या आधी हे करून बघा

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. आईबाबा गुहागरच्या बाजूला, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि तुम्ही पुण्यात. दोन वर्षांपूर्वी सरकत्या गेटला मोटर बसवली आणि गॅरेजच्या रोलिंग शटरला साइड मोटर, पहिला पावसाळा बरा गेला, आणि या जुलैत गेट रिमोटने उघडतं पण बंद होत नाही, दोनदा तर पहाटे आपोआप उघडलं, बाबा बॅटरी घेऊन बाहेर आले. शटरचं बटण दाबलं की मोटर हूं करते, पत्रा जागचा हलत नाही. मेकॅनिक आला, दोन्ही झाकणं उघडून बघितली आणि दोन्ही बोर्ड, म्हणजे मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटं, गेले म्हणाला.

मी रत्नागिरी ते मालवण पट्ट्यात अठरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी एक सांगतो, आत्ता एकही बोर्ड विकत घेऊ नका. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती मेलेल्या बोर्डाची नाहीत. गेट उघडतंय ना? मग रिमोटचा सिग्नल पोचतोय, रिसिव्हर चालतोय, मोटर चालतेय, मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर चालतोय, बोर्ड विचार करतोय. आणि शटरची मोटर हूं करतेय म्हणजे बोर्डाने तिला करंट दिलाय, त्याचं काम त्याने केलंय, अडलंय ते पुढे. नवा बोर्ड टाकलात तर कदाचित चार-आठ दिवस चालेलही, कारण टाकताना तो माणूस सगळे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायचे स्क्रू, घासून पुसून घट्ट करतो आणि खरं तर बरं त्याने वाटतं, आणि पुढच्या झडीला पुन्हा तेच. पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय केलेली कुठलीही दुरुस्ती आमच्याकडे टिकत नाही.

आधी हे होतं का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. नुसत्या पावसाने एवढं नुकसान होत नाही, घाटमाथ्यावर पाऊस काय कमी पडतो? आमच्याकडे पावसाबरोबर मीठ आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत खारं वारं वाहतं, मिठाचे बारीक कण मोटरच्या जाळीतून, केबलच्या भोकातून आत जाऊन बसतात, आणि तेव्हा काहीच होत नाही कारण ते कोरडे असतात. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते ना, अगदी तेच बोर्डावर होतं. त्यात समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं, ते तर ३३-३४ टक्क्यांनाच पाणी धरतं, म्हणजे आपल्याकडे ते कधी पूर्ण वाळतच नाही. म्हणून आठ महिने साठलेलं मीठ मिरगाचा पाऊस लागला की एकदम जागं होतं, दोन टर्मिनलच्या मधे खारट पाण्याचा पातळ थर बसतो, आणि त्यातून करंट वाहतो. तुमचा पहिला पावसाळा ठीक गेला त्याचं कारण हेच, तेव्हा आत साठा झालेला नव्हता.

दुसरं म्हणजे बंद डबा श्वास घेतो. दिवसा ऊन पडलं की मोटरच्या डब्यातली हवा तापून फुगते, बाहेर पडते, संध्याकाळी सर आली की डबा गार होतो आणि बाहेरची ओली हवा आत खेचतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवा २७ अंशांपर्यंत गार झाली की दव पडायला लागतं, फक्त तीन अंशांचा फरक! म्हणजे डब्यात एक थेंब पाऊस न जाताही आतून झाकणाला पाणी लागतं. म्हणूनच पावसाळा आला की मोटरला मेणकापड गुंडाळून दोरीने बांधतात ते मला अजिबात पटत नाही. ओले कपडे पिशवीत बांधून ठेवल्यासारखं होतं ते, आतली वाफ बाहेर पडायला जागाच नाही. तुमच्याकडे बांधलं असेल तर आजच सोडायला सांगा. वर पत्र्याचं छोटं छप्पर करा, चारी बाजू उघड्या, बस.

आता गेटकडे येऊ. उघडतं पण बंद होत नाही हे ऐकलं की माझा पहिला संशय नेहमी फोटोसेलवर, म्हणजे दोन खांबांवर समोरासमोर जे काळे डोळे लावलेत त्यांच्यावर. त्यांचं काम एकच, गेट बंद होताना मधे माणूस, कुत्रं, गाडी आली तर थांबवायचं. बोर्डाला त्यांच्याकडून सतत 'वाट मोकळी आहे' असा निरोप मिळत राहावा लागतो, निरोप तुटला की बोर्ड बंद करायला नकार देतो पण उघडायला हरकत घेत नाही. आता निरोप तुटण्याला मधे माणूसच यायला हवा असं नाही, काचेच्या आत वाफ धरली, कोळ्याने जाळं केलं, खांब जरा कलला, वायरचा जोड कळकला, सगळ्याचा परिणाम तोच.

बघायचं कसं ते सांगतो, तिथल्या इलेक्ट्रिशियनला हे वाचून दाखवा. बऱ्याच बोर्डांवर फोटोसेलच्या टर्मिनलशेजारी बारीक दिवा असतो, वाट मोकळी असताना एका स्थितीत आणि समोर हात धरला की दुसऱ्या स्थितीत जायला हवा. हात धरून सोडून काहीच बदल नाही म्हणजे दोष तिथेच. मग मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावून पाठवणाऱ्या डोळ्याकडे बघायचं, बऱ्याच फोनमध्ये तो जांभळट चमकताना दिसतो, दिसला तर त्याला करंट मिळतोय. दोन्ही डोळ्यांची झाकणं काढून आतली काच कोरड्या सुती कपड्याने पुसायची. एवढं करूनही नाही तर करंट बंद करून बोर्डावर फोटोसेलचा निरोप येतो त्या दोन टर्मिनलमध्ये (इनपुट आणि कॉमन, सप्लायच्या नव्हे) छोटी वायर लावायची, करंट चालू करून गेट बंद होतं का बघायचं. झालं बंद, तर बोर्ड शंभर टक्के ठीक आहे, दोष डोळ्यात किंवा केबलमध्ये. आणि ती वायर लगेच काढायची, त्याच मिनिटाला.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला याचा खरंच राग येतो. अनेक ठिकाणी मी जातो तर ती वायर तशीच ठेवलेली सापडते, 'सेन्सर खराब होता म्हणून बायपास केला', दोन-दोन वर्षं. तीनशे-चारशे किलोचं गेट आहे ते, नातवंडं सुट्टीत येतात, गेटला लटकून खेळतात. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती गॅरेज डोअर ओपनरना असं मधे काही अडकलं तर बचाव करणारी व्यवस्था कायद्यानेच सक्तीची केली, कारण तिथे लहान मुलं दाराखाली सापडून दगावली होती. तुमच्या घरी कुणी बायपास करून गेलं असेल तर गेट हाताने चालवा पण तसं वापरू नका.

आता पहाटे आपोआप उघडण्याचं. बाबांना सांगा चोर नाही आणि दुसरं काही पण नाही. गेटच्या खांबावर आत जे पुश बटण आहे, किंवा घरातल्या व्हिडिओ डोअर फोनवरून गेट उघडायची जी वायर आलीय, ती बोर्डाच्या स्टार्ट टर्मिनलला जाते. त्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की बोर्ड समजतो बटण दाबलं. बटणाच्या मागच्या डब्यात खारट ओल साठली की त्या न टेकताच टेकल्यासारख्या होतात, आणि हे पहाटेच का, तर तेव्हा हवा सगळ्यात गार आणि दव सगळ्यात जास्त. खात्री करायला बोर्डावरून स्टार्टच्या दोन्ही वायरी काढून टेप लावून ठेवायच्या आणि तीन-चार रात्री फक्त रिमोटवर गेट चालवायचं. या काळात एकदाही आपोआप उघडलं नाही तर गुन्हेगार सापडला. तरी उघडलं तर मग बोर्डाचं झाकण काढून मुंग्या बघायच्या.

मुंग्यांचं हसण्यावारी नेऊ नका. बोर्डातला ट्रान्सफॉर्मर कायम कोमट असतो, पावसाळ्यात जमिनीतलं वारूळ बुडालं की त्यांना कोरडी उबदार जागा हवी असते, आणि जमिनीतून मोटरमध्ये येणारा केबलचा पाइप हा त्यांचा जिना. गेल्या जूनमध्ये मालवणजवळ एक झाकण उघडलं, रिलेच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, भोवती तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी आणि मधोमध मरून चिकटलेल्या मुंग्यांचा काळा गोळा, बोर्ड दिसतच नव्हता. पेंटच्या ब्रशने झाडून काढलं तर खाली दोन टर्मिनलमध्ये पांढरी पावडर आणि तांब्याला हिरवा कळंक, पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर धरतो ना तसाच. तो बोर्ड धुऊन वाळवून अजून चालतोय. पाली पण येतात, त्या तर फेज आणि न्यूट्रलच्या टर्मिनलवर चढून स्वतः जळतात आणि बोर्ड घेऊन जातात. म्हणून पाइपचं तोंड फोमचा तुकडा घट्ट बसवून वरून सिलिकॉनने बंद करायचं. सिलिकॉन घेताना न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्यायचं, साधं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो बघा, ते ॲसेटिक ॲसिड असतं आणि बंद डब्यात तांबं खातं. आणि डब्याच्या तळाला बारीक भोक ठेवायचं, साठलेलं पाणी निघून जायला, ते कधी बुजवू नका. त्या भोकाला बारीक जाळी लावली की मुंग्या पण नाहीत.

बोर्ड धुवायचा कसा ते पण सांगतो कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. लोक आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, दिसायला स्वच्छ होतो, पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात तेच, त्यात मऊ टूथब्रश बुडवून मीठ असलेला भाग दोन-तीनदा धुवायचा, आणि मग आयपीएने, म्हणजे ते उरलेलं पाणी ओढून घेऊन उडून जातं. मग दिवसभर टेबल फॅनसमोर. हेअर ड्रायर लावायचा तर हाताला सोसेल एवढाच गरम आणि लांबून. अर्थात हे सगळं मेन बंद करून, बोर्ड पूर्ण सोडवून, आणि सोडवायच्या आधी मोबाईलवर वायरींचा फोटो काढून! पूर्ण वाळल्यावर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक कोटिंगचा स्प्रे मारायचा, फक्त टर्मिनल, उघडे रिले आणि फिरवायचे बारीक स्क्रू टेपने झाकून. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, एक डबा गावातल्या चार घरांना पुरतो.

केबलबद्दल. तुमच्या एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे फोटोसेलची वायर जमिनीखालून गेली असणार, आणि माझा अंदाज आहे मधे कुठेतरी टेप गुंडाळलेला जोड आहे. जमिनीत टेपचा जोड एक पावसाळा टिकतो, दुसऱ्याला नाही. एकदा पाणी शिरलं की मल्टिस्ट्रँड वायरच्या आत ते वातीतून तेल चढावं तसं चढतं, वरचं प्लॅस्टिक चांगलं दिसतं आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. म्हणून जोड नुसता घासून पुन्हा करायचा नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत मागे जायचं, आणि ती पुरत नसेल तर अख्खी बदलायची. शक्यतो कलई केलेल्या तांब्याची घ्या. जोड द्यावाच लागला तर तो खांबावर, गुडघ्याच्या वर, रबर गॅस्केटच्या डब्यात, आणि वायर डब्यात खालूनच शिरली पाहिजे. शिरायच्या आधी तिला झोळीसारखा झोल द्या, पाणी झोलावरून खाली गळून जातं, आत जात नाही. पागोळ्या जिथे पडतात तिथे तर डबा लावूच नका.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, असलेला इलेक्ट्रिशियन मिळाला तर ५०० व्होल्टवर मोटरच्या वाइंडिंगचं आणि मेन केबलचं इन्सुलेशन तपासून घ्या, एक मेगाओमच्या खाली आलं तर ती वापरायची नाही. पण बोर्ड वेगळा काढूनच मेगर लावा, नाहीतर न गेलेला बोर्ड त्या दिवशी जाईल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गेटला हात लावल्यावर आईला किंवा बाबांना कधी झिणझिण्या आल्यात का विचारा. विचाराच. पावसात ओल्या पायाने लोखंडी गेट धरणारी सत्तरीतली माणसं आहेत ती. आमच्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट मिळणं अवघड असतं, एक रॉड ठोकून काम होत नाही, आणि कित्येक घरात गेटच्या मोटरला अर्थची वायर नेलेलीच नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, त्या लाइनला हवाच. पावसात तो सारखा पडतो म्हणून काढून टाकतात, तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे, तो तुम्हाला सांगतोय. आधी वर म्हटलेले जोड दुरुस्त करा, मग तो पडणार नाही.

आता शटर. मोटर हूं करते आणि हलत नाही याची तीन कारणं, आणि कुठलं ते पाच मिनिटांत कळतं. मेन बंद करा आणि मोटरला जी हाताने ओढायची साखळी लटकते तिने शटर उचलून बघा. साखळीने पण जड जातंय, मधेच अडतंय, तर दोष शटरचा आहे मोटरचा नाही, बाजूच्या गाईड चॅनेलमध्ये गंजाचे पापुद्रे आणि वाळू बसलीय किंवा खालची पट्टी गंजून फुगलीय. साखळीने सहज आलं तर मोटरकडे बघायचं. करंट चालू करून बटण दाबताना कान देऊन ऐका, बहुतेक साइड मोटरमध्ये आधी ब्रेक सुटल्याचा टक् असा आवाज येतो. टक् आवाज येऊन मग नुसती गुणगुण, तर कपॅसिटर. टक् येतच नाही आणि गुणगुण, तर ब्रेक अडकलाय. बटण दोन-तीन सेकंदांच्या वर दाबून धरू नका, हूं करणारी मोटर उभ्या जागी तापते, आणि आतलं थर्मल कटऑफ पडलं तर अर्धा तास गार होऊ द्यावी लागते. सारखी सारखी दाबत राहिलात तर वाइंडिंग जळतं, आणि मग खरंच खर्च.

तुमच्याकडे मला ब्रेकचाच संशय आहे. बाबा गाडी महिन्यातून एकदा काढतात असं लिहिलंय तुम्ही. ब्रेकची लायनिंग आणि लोखंडी चकती एकमेकांना दाबून बसलेल्या असतात, महिनाभर दमट हवेत तशाच राहिल्या की मधे गंज धरून चिकटतात. सायकल पावसाळाभर पडवीत ठेवली की ब्रेकचं गुटकं रिमला चिकटतं, तसंच. उघडून चकती बारीक पॉलिश पेपरने साफ केली की सुटते, तेल-ग्रीस मात्र चुकूनही लावायचं नाही, ब्रेकला तेल म्हणजे शटर डोक्यावर. आणि हे काम करताना शटर पूर्ण खाली, जमिनीला टेकलेलं पाहिजे. अर्धवट वर असताना ब्रेक सोडला तर सगळं वजन एका क्षणात खाली येतं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय, कामगार एक हात लांब होता म्हणून वाचला.

कपॅसिटर निघाला तर सोपं, स्वस्तातली वस्तू. हात लावायच्या आधी डिस्चार्ज करा, होल्डरला जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी टेकवल्या की झालं. त्यावर जेवढे मायक्रोफॅरॅड छापलेत तेवढाच घ्या, ४४० व्होल्टचा, आणि जोर वाढेल म्हणून मोठा टाकू नका, वाइंडिंग तापतं. मीटरवर छापलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवत असेल तर बदला.

अजून एक, व्होल्टेज. संध्याकाळी तुमच्याकडे किती येतं ते बघून घ्या. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे २३० ऐवजी १८० आलं तर जोर साधारण ६१ टक्केच उरतो, वीस-बावीस टक्के नाही, जवळजवळ चाळीस टक्के गेला. सकाळी चालतं आणि दिवेलागणीला चालत नाही असं असेल तर मोटर उघडायच्या आधी मीटर लावा. इन्व्हर्टरवर चालवत असाल आणि तो जुना स्क्वेअर वेव्ह असेल तरी मोटर गुणगुणते आणि तापते.

गेटचं यांत्रिक बघणं पण राहू देऊ नका. क्लचची चावी फिरवून मोटर मोकळी करायची आणि गेट हाताने ढकलायचं. आईंना एका हाताने ढकलता आलं पाहिजे, नाही आलं तर मोटरवर रोज अन्याय होतोय. मी तर सामान तोलायचा हुकाचा काटा गेटला अडकवून ओढतो आणि आकडा झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवतो, मे महिन्यात लिहिलेला आकडा जुलैत दीडपट झाला की चाकाचं बेअरिंग गेलं किंवा रुळात माती बसली हे न बघता कळतं. चाकं झिजली की गेट खाली बसतं आणि रॅकचं, म्हणजे गेटला लावलेल्या दात्यांच्या पट्टीचं, सगळं वजन मोटरच्या दात्यावर येतं, दोघांत एक-दोन मिलिमीटर फट हवी, एक्साची पट्टी सरकून जाईल एवढी. रॅकला ग्रीस फासू नका, जांभ्याची लाल धूळ बसून त्याची कानस होते. आणि तो डब्ल्यूडी-४० सगळीकडे मारतात, त्यातल्या डब्ल्यूडीचा अर्थच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला उत्तम, गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण ते काही महिने टिकणारं वंगण नव्हे. शटरच्या गाईडला सिलिकॉन स्प्रे, बेअरिंगला मरीन ग्रीस. नटबोल्ट बदलायचे तर समुद्राजवळ ३१६ चं स्टेनलेस घ्या, ३०४ ला पण चहाचे डाग पडल्यासारखा गंज येतो.

आता चावीचं. दोन वर्षांपूर्वी जुलैत, मी स्वतः बसवलेल्या एका गेटच्या घरी रात्री लाइट नव्हती आणि आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी आत, गेट बंद. क्लचची चावी शोकेसच्या ड्रॉवरमध्ये कुठेतरी, ती सापडली तर कुलपात मीठ आणि गंज, फिरेना. शेजारचे चारजण आले, गेट रुळावरून उचलून बाजूला केलं, पंचवीस मिनिटं गेली त्यात. आजोबा वेळेत पोचले, बरे आहेत, पण ती क्लच कशी सोडायची हे मी त्या घरातल्या कुणालाच हाताने करून दाखवलं नव्हतं, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. तेव्हापासून काम झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून क्लच सोडवून आणि गेट ढकलवून घेतल्याशिवाय मी पैसे घेत नाही. तुमच्या आईबाबांना हे येतं का बघा. चावी मीटरच्या शेजारी खिळ्याला लाल दोरीत, कुलपाला तेल नाही तर ग्रॅफाइट पावडर, आणि पावसाळाभर दर रविवारी क्लच एकदा सोडून लावायची. शटरची साखळी पण तेव्हाच एकदा ओढायची, आणि मग मोटरने पूर्ण वर-खाली. ब्रेक चिकटायचा प्रश्नच येत नाही.

जाताना मेन बंद करून जायची सवय असेल तर त्याचा पण विचार करा. करंट चालू असला की ट्रान्सफॉर्मरच्या उबेने डबा कोरडा राहतो, बंद केला की गार पडून आत दव धरतं, गणपतीला चाकरमानी येतात आणि माझा फोन थांबत नाही तो याचमुळे, तीन महिने गार पडलेली गेटं. पण वळवाच्या आणि परतीच्या विजांना चालू ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा, त्याला अर्थिंग चांगलं लागतं हे लक्षात ठेवा, आणि मग चालू ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही, श्वास घेणाऱ्या डब्यात त्या चार दिवसांत भरतात.

पुढच्या वर्षी आगोटीच्या कामांत हे धरा, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कौलं चाळायची आणि लाकडं आत घ्यायची असतात तेव्हाच. झाकण उघडून मीठ धुवायचं, रूळ गोड्या पाण्याने धुवायचा, जोड बघायचे.

आज मात्र एवढंच करा. बाबांना फोन करून सांगा की शटरचं बटण दाबू नका, साखळीने उघडा, आणि स्टार्टच्या वायरी सुटेपर्यंत गेटची मोटर रात्री एमसीबीवरून बंद ठेवा. उद्या इलेक्ट्रिशियन आला की आधी स्टार्टच्या दोन वायरी सोडवायला सांगा आणि पुश बटणाच्या डब्याचा आतून फोटो काढून मला दाखवा.